येळवस ते श्रावण : प्रोस्टेटच्या उपचारांची माझी हकीकत

३० डिसेंबर २०२४ ला, येळवसीच्या (वेळ अमावास्येच्या) रात्री, माझी लघवी पूर्ण बंद झाली. १२ ऑगस्ट २०२५ ला लातूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की आता काही त्रास नसेल तर वर्षाने या. मधल्या काळात कॅथेटर (लघवीची नळी), तपासण्या, गोळ्या, रेशनकार्डाची दुरुस्ती, सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी आणि शेवटी ऑपरेशन असं सगळं झालं. त्या दिवसांत रात्री झोप यायची नाही, तेव्हा मोबाईलवर मराठीत शोधत बसायचो. डॉक्टरांचे सल्ले भरपूर सापडले, पण या वाटेने गेलेल्या पेशंटने लिहिलेलं फारसं हाती लागलं नाही. म्हणून सगळं तारखांसकट लिहून काढतो आहे. माझं वय ६३, औसा तालुक्यात शेती आणि गावात खता-बियाण्याचं छोटं दुकान.

त्रास तसा आधीपासून होता. धार बारीक झालेली, सुरू व्हायला वेळ लागायचा, झाली असं वाटून उठलो तरी थेंब थेंब गळायचं. एसटीत बसायच्या आधी दोनदा जाऊन यायचो. बायको म्हणायची, "आवं, रात्रीतून किती येळा उठायलाव तुम्ही? एकदा दाखवून या की." आमच्याकडे गडीमाणूस गुडघा दुखला तर पारावर सांगतो, लघवीचं मात्र सख्ख्या भावालाही सांगत नाही. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, की पन्नाशी ते साठीच्या दरम्यान जवळपास निम्म्या पुरुषांची प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची ग्रंथी वाढलेली असते आणि ऐंशीच्या पुढे तर बहुतेकांची. म्हणजे पारावर बसलेल्यांत मी एकटा नव्हतो.

येळवसीच्या दिवशी शेतात पाहुणे होते. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. थंडी चांगली होती, सर्दी झाली होती म्हणून सकाळ-दुपार मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी घेतली. दिवसभर आंबील पोटात गेली. संध्याकाळी घरी आल्यापासून लघवीला लागलेली, पण थेंबही येईना. रात्री दहापर्यंत ओटीपोट दगडासारखं टणक झालं. बसवेना, उभं राहवेना, घाम फुटला. मुलाने गाडी काढली आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी जेली लावून नळी घातली, थोडी आग झाली, आणि पुढच्या काही मिनिटांत पिशवीत नऊशे मिली लघवी जमा झाली. इतका सुटकेचा क्षण माझ्या आठवणीत दुसरा नाही. पैसे काही लागले नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसकट उपचार मोफत आहेत, हेही मला त्याच रात्री कळलं.

त्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काका, सर्दीची गोळी घेतली का?" नाक मोकळं करणारं औषध मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू आवळून धरतं, आणि सर्दीच्या गोळ्यांत असणारी ॲलर्जीची काही औषधं मूत्राशयाचा जोर कमी करतात. प्रोस्टेट मोठी असलेल्याला हे दोन्ही एकदम झालं की लघवी अडकू शकते. ज्यांची धार आधीच बारीक आहे त्यांनी सर्दीचं औषध घेताना दुकानदाराला आणि डॉक्टरला हे आधी सांगावं. मी आता कुठल्याही दवाखान्यात गेलो की नावानंतर हेच सांगतो.

कॅथेटर घेऊन घरी आलो. पहिल्या रात्री नळी ओढली जाईल या भीतीने कूस बदलली नाही. सिस्टरने तीन गोष्टी बजावल्या होत्या : पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवायची, नळी मांडीला चिकटपट्टीने बांधायची, आणि पिशवी पूर्ण भरायच्या आधी रिकामी करायची. आंघोळीच्या वेळी नळीच्या तोंडाशी साबण-पाण्याने धुवायचं. लुंगी सोयीची पडते, पँटच्या नादी लागू नका. बाहेर जाताना पिशवी बाजाराच्या कापडी थैलीत ठेवली की कुणाला कळत नाही. पाहुणेमंडळी भेटायला येतील म्हणून मी दोन दिवस आतल्या खोलीत बसून होतो. तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं.

३ जानेवारी २०२५ ला लातूरच्या मूत्रविकार तज्ज्ञांकडे गेलो. तपासणीची फी पाचशे, सोनोग्राफी हजार. रिपोर्टमध्ये प्रोस्टेट ५८ ग्रॅम. साधारण ती वीस ग्रॅमच्या आसपास, अक्रोडाएवढी असते. मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेच्या भोवती ती असल्यामुळे वाढली की नलिका दाबते. रक्तात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) ठीक होतं, किडन्यांना सूज नव्हती. मग डॉक्टर म्हणाले, बोटाने तपासायचं आहे. या तपासणीची धास्ती अनेकांना दवाखान्यापासून लांब ठेवते, म्हणून स्पष्ट लिहितो. कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, डॉक्टर हातमोजा घालून जेली लावतात आणि गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपतात. अर्धं मिनिटही लागत नाही. दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं. ग्रंथी मऊ आहे की कडक, गाठ लागते का, हे त्यातून कळतं. माझी मऊ होती.

तिथेच मी विचारलं, की हे कशाने झालं? गावात प्रत्येकाने वेगळं कारण दिलं होतं. कुणी मोटारसायकल म्हणालं, कुणी लघवी दाबून धरण्याची सवय, कुणी गरम पदार्थ, एकाने तर तरुणपणातल्या गोष्टी काढल्या. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की मुख्य कारण दोनच : वय आणि पुरुषी संप्रेरक. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं, त्याने ग्रंथी हळूहळू वाढत जाते. वजन, वाढलेली साखर आणि बैठी राहणी यांचा त्यात हात लागतो. बाकी सवयींनी ग्रंथी वाढत नाही, पण त्रास किती होणार हे बऱ्याच अंशी त्यांच्यावर ठरतं. हे ऐकून मनावरचं मोठं ओझं उतरलं. आपल्या हातून काहीतरी वाईट घडलं असं लोक तुमच्या माथी मारत असतील, तर ते मनातून काढून टाका.

मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करणारी टॅम्सुलोसिनची गोळी सुरू झाली, रोज रात्री जेवणानंतर ठरलेल्या वेळी. ८ जानेवारीला नळी काढायची होती. सकाळी नळी काढली, पाणी पीत बसायला सांगितलं. लघवी झाली तर घरी, नाहीतर नळी पुन्हा आत. बाकावर माझ्याशेजारी उदगीरकडचे एक गृहस्थ त्याच कामासाठी बसले होते. दोघेही भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. मला अकराच्या सुमारास झाली. ते पुन्हा नळी घेऊन गेले, जाताना मला म्हणाले, "तुमचं झालं, बरं वाटलं." त्यांचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे.

या गोळीने उभं राहताना चक्कर येऊ शकते. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं आणि मग उभं राहायचं. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल, तर ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली आहे हे डोळ्यांच्या डॉक्टरला आधी सांगायचं. तिच्यामुळे बुबुळाचा पडदा ढिला पडतो आणि त्यांना तयारी ठेवावी लागते. हे मला केमिस्टने सांगितलं, आणि गावातल्या दोघांना मी ते वेळेवर सांगू शकलो.

डॉक्टरांनी सात प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण ३५. सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसच्या पुढे जास्त. माझे २१ आले. मग म्हणाले, "काका, तीन दिवस डायरी लिहा. किती पाणी, चहा पिलात आणि किती लघवी झाली, वेळेसकट."

ही डायरी माझ्या मते सगळ्या उपचारांत स्वस्त आणि डोळे उघडणारी गोष्ट आहे. बायकोने खुणा असलेला एक प्लास्टिकचा मग आणला, तो मोरीत वेगळा ठेवला. दुकानाच्या वहीतलं पान फाडून त्यावर वेळ आणि आकडा लिहीत गेलो. तिसऱ्या दिवशी बेरीज केली : चोवीस तासांत एकवीसशे मिली, त्यातली साडेआठशे रात्री झोपल्यापासून सकाळी उठेपर्यंत. डॉक्टर म्हणाले, या वयात रात्रीची लघवी एकूण लघवीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असेल, तर रात्री उठण्याचा सगळा दोष प्रोस्टेटवर टाकता येत नाही. मग पाण्याच्या नोंदी बघितल्या. सकाळी चहा, मग शेतात दुपारपर्यंत जेमतेम दोन पेले पाणी. दिवस मावळल्यावर घरी येऊन तांब्याने ढसाढसा, वर चहा, जेवणानंतर पुन्हा तांब्या.

आमच्या भागात ही सवय घराघरांत आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तो उन्हाळा ज्यांनी काढला त्यांचा हात पाण्याच्या बाबतीत आपोआप आखडतो. शेतात नेलेली घागर गड्यांना, बैलांना पुरवायची असते. दुकानात बसलेला माणूस गिऱ्हाईक सोडून उठायला नको म्हणून कमी पितो. बायकांचं तर याहून अवघड आहे, तो वेगळा विषय. आणि संध्याकाळी सगळी तहान एकदम भागवली जाते.

मी पाणी कमी केलं नाही, वेळ बदलली. सकाळी उठल्यापासून दुपारी चारपर्यंत दोन लिटरच्या आसपास, संध्याकाळी सातनंतर गोळीपुरतं. सहानंतरचा चहा बंद. संध्याकाळी पायांवर थोडी सूज असायची, ते पाणी आपण आडवं झालो की रक्तात परत येतं आणि रात्री लघवी वाढते. म्हणून दुपारी तासभर पाय उशीवर घेऊन पडायला सांगितलं. जेवणात वरून मीठ घेणं आणि लोणचं कमी केलं. लघवी झाल्यावर लगेच न उठता अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, त्याने मागे राहिलेली बरीचशी निघते. महिनाभरात रात्रीचं उठणं चार-पाचवरून दोनवर आलं. गोळीचाही वाटा होताच, पण झोप मिळायला लागली हे खरं.

तंबाखू-चुना चाळीस वर्षांचा. निकोटीनने मूत्राशयाला चाळवल्यासारखं होतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि पुढे ऑपरेशन लागलं तर भूल देणाराही विचारणार. संक्रांतीपासून सोडायला घेतला. पहिले पंधरा दिवस चिडचिड घरच्यांनी सोसली. खिशात बडीशेप ठेवायचो. बद्धकोष्ठतेकडे कुणी लक्ष देत नाही, पण भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब आणतं, म्हणून रात्रीच्या जेवणात भाकरीबरोबर पालेभाजी आणि सकाळी पपई सुरू केली. रक्त तपासलं तेव्हा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ आला, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तेव्हापासून सकाळी गावाबाहेरच्या पुलापर्यंत चालत जातो. गोखरूचा काढा, भोपळ्याच्या बिया, कोथिंबिरीचं पाणी असं बरंच लोकांनी सुचवलं. डॉक्टरांनी सांगितलं, की बिया खा हवं तर, पण त्याने ग्रंथी लहान होते याला ठोस पुरावा नाही, आणि काढ्यासाठी गोळी बंद करायची नाही.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी, मुद्दाम उशिरा केली. लघवी अडकल्यावर, नळी असताना किंवा जंतुसंसर्गात हा आकडा उगाच वाढतो, म्हणून सहा आठवडे थांबवलं. आधीचे दोन दिवस शरीरसंबंध नको, सायकल किंवा मोटारसायकलवर लांबचा प्रवास नको, असंही सांगितलं होतं. २० फेब्रुवारीला सातशे रुपये देऊन रक्त दिलं. रिपोर्ट मोबाईलवर आला : ५.४, आणि शेजारी ठळक अक्षरांत चारपर्यंत नॉर्मल. संध्याकाळ होती, दुकानात एकटाच होतो. कॅन्सर हा शब्द मनात आला तो गेलाच नाही. घरी कुणाला सांगितलं नाही, पण बायकोने ताटातली अर्धी भाकरी बघून विचारलंच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर भागाकार करून दाखवला. ५.४ भागिले ५८, म्हणजे ०.०९. मोठी ग्रंथी जास्त पीएसए तयार करते, म्हणून आकडा वजनाच्या हिशेबात बघायचा. ०.१५ च्या खाली असला, बोटाला गाठ लागत नसली, तर काळजी बरीच कमी होते. "एका आकड्यावर कॅन्सर ठरत नाही आणि एका आकड्यावर नाहीही ठरत नाही," असं म्हणून त्यांनी लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) केलं आणि पुन्हा तपासायला सांगितलं. २७ मार्चला ४.६ आला. एमआरआय तूर्त नको, लक्ष ठेवू, असं ठरलं. ते पाच आठवडे मला सगळ्यात जड गेले, ऑपरेशनपेक्षाही. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झालेला असेल तर हे डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगा, त्यांच्यासाठी तपासणीचं वय अलीकडे येतं.

एप्रिलच्या उन्हात दोनदा लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप आला. पाणी भरपूर पीत होतो, तरी जंतुसंसर्ग. ५ मे ला पुन्हा सोनोग्राफी आणि धारेची तपासणी झाली. या तपासणीत मशीनला जोडलेल्या भांड्यात लघवी करायची असते, किमान दीडशे मिली तरी हवी, म्हणून पोटात पाणी घेऊन जावं लागतं. माझी धार सेकंदाला सहा मिली भरली. पंधराच्या पुढे असेल तर चांगली, दहाच्या खाली अडथळ्याची शक्यता जास्त. आणि लघवी झाल्यावरही आत २१० मिली शिल्लक. साचलेल्या लघवीत जंतू पुन्हा पुन्हा होणार, पुढे किडनीवर दाब येणार. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीचं ऑपरेशन करून घ्या.

मनाला लागलं. इतकं पथ्य सांभाळून शेवटी ऑपरेशनच. मी तसं बोललोही. त्यांनी उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहितो : "सवयी बदलल्यात म्हणून साखर आटोक्यात आहे, वजन उतरलंय, तंबाखू सुटलाय. मला असाच पेशंट टेबलावर हवा असतो."

खासगीत खर्च पासष्ट-सत्तर हजार सांगितला. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, पेरणी अलीकडे येणार, बियाण्याला पैसा गुंतलेला. म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं ठरवलं. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं, गावाकडे अजून 'जीवनदायी'च म्हणतात. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत आहे एवढं विचारून थांबू नका. मूत्रविकारासाठी त्याची नोंद आहे का, हे विचारा. एका ठिकाणी मी अर्धा दिवस बसलो आणि मग कळलं, की तिथे योजना फक्त हाडांच्या ऑपरेशनला लागू आहे. १५५३८८ या नंबरवर फोन केला तर ही माहिती मिळते.

रुग्णालयातले आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारे, हे आपल्या कामाचे माणूस. त्यांनी माझं केशरी कार्ड बघून सांगितलं, "काका, बारा अंकी ऑनलाईन नंबर द्या." तो काढला तर दोन अडचणी. आधारवर आडनाव एका पद्धतीने लिहिलेलं, रेशनकार्डावर दुसऱ्या. आणि माझी ई-केवायसी (आधारशी पडताळणी) झालेली नव्हती. कंट्रोलच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवला तर घेईना. खतं हाताळून रेषा झिजलेल्या. दुकानदाराने बोटं ओल्या फडक्याने पुसून सगळी एकेक लावून बघितली, शेवटी डाव्या हाताची अनामिका लागली. नावासाठी तहसीलच्या पुरवठा विभागात अर्ज, आधारची झेरॉक्स, जुनं कार्ड. १९ मे ला अर्ज दिला, साहेब दौऱ्यावर, मग सर्व्हर बंद, नाव दुरुस्त होऊन दिसायला जून उजाडला. तिथल्या बाईंनी एकदा सांगितलं, की ऑनलाईन दिसल्याशिवाय हेलपाटा मारू नका, मी फोन करते, आणि त्यांनी खरंच फोन केला.

तोवर पेरणी उरकली. डॉक्टरांनी तेवढी मुभा दिली होती, गोळ्या चालू ठेवून. जूनअखेरीस रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी). भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावून तीन बोटं बसतात का बघितलं, तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांचा जबडा आखडलेला असतो म्हणून. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी कुणाला चालू असेल तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतात, मनाने बंद करू नका. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या काकांचं ऑपरेशन त्याच गोळीमुळे आठवडाभर पुढे गेलं. मंजुरीसाठी सगळे रिपोर्ट आणि माझा खाटेवरचा फोटो ऑनलाईन पाठवला. एक शंका परत आली, लघवीचा कल्चर रिपोर्ट जोडा म्हणून. तो फाईलमध्ये होता म्हणून तासात काम झालं, दुसऱ्या दिवशी मंजुरी आली.

८ जुलै, आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी नंबर लागला. पाठीत इंजेक्शन, कमरेखाली पाय जड झाले आणि मग आपले नाहीत असे वाटले. पोटावर कुठे चिरा नाही. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून वाढलेला भाग आतून किसून काढतात. मी जागा होतो. ऑपरेशन थिएटर खूप गार असतं, दात वाजत होते, तेव्हा ब्रदरने अंगावर आणखी एक चादर टाकली. तासाभरात आटोपलं. डॉक्टरांनी बाटलीतले पांढुरके तुकडे मुलाला दाखवले आणि बायोप्सीला पाठवले.

वॉर्डात तीन तोंडांची नळी. एकातून सलाईन आत, दुसऱ्यातून लघवी बाहेर, तिसरं आतला फुगा फुगवायला. स्टँडवर तीन लिटरच्या पिशव्या टांगलेल्या. पिशवीतला रंग पहिल्या दिवशी लाल, रात्री गुलाबी, दुसऱ्या दिवशी फिका. मुलगा रात्रभर तो रंग आणि पिशवी संपतेय का हे बघत बसला. मधूनच मूत्राशयाला पेटके यायचे, जोरात लघवीला लागल्यासारखं व्हायचं, तेव्हा कुंथायचं नाही, लांब श्वास घ्यायचा आणि सिस्टरला सांगायचं, त्यावर औषध आहे. याच दरम्यान बाहेरून सामान आणायची चिठ्ठी मिळाली, साडेअठराशेचं. पावती जपून ठेवली आणि आरोग्यमित्रांना दाखवली. योजनेत असताना हे पैसे पेशंटचे नाहीत, असं ते म्हणाले आणि डिस्चार्जच्या दिवशी रक्कम परत मिळाली. पावती नसती तर काहीच करता आलं नसतं.

११ जुलैला नळी काढली. पहिली धार इतकी जोरात आली, की मी दचकलो. जळजळ मात्र होती, आणि पहिले आठ-दहा दिवस लागली की धरवत नसे, एक-दोनदा कपडे ओले झाले. घाबरू नका, ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम दिवसातून तीनदा केला तसं ते थांबलं. बाराव्या दिवशी अचानक लघवी पुन्हा लाल झाली. आतली खपली निघताना असं होतं, हे आधी सांगितलेलं होतं म्हणून भरपूर पाणी पिऊन पडून राहिलो, दुसऱ्या दिवशी साफ. गाठी पडल्या किंवा लघवी अडकली असती तर ताबडतोब जायचं होतं. सहा आठवडे वजन, मोटारसायकल, ट्रॅक्टर बंद. कोळपणी मुलाने केली.

एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही. या ऑपरेशननंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं आणि लघवीवाटे निघून जातं. त्याने अपाय नाही, पुरुषत्वही जात नाही. पण आधी माहीत असावं, आणि बायकोलाही माहीत असावं. आम्ही दोघे डॉक्टरांसमोर एकत्र बसून बोललो. ती म्हणाली, "तुम्ही रात्री गाढ झोपलाव ना, मला त्येच बास."

बायोप्सीचा रिपोर्ट २१ जुलैला मिळाला. लिफाफा मुलाने फोडला, मी खिडकीकडे बघत होतो. साधी वाढ, कॅन्सर नाही. १२ ऑगस्टच्या भेटीत धार एकोणीस, शिल्लक पंचवीस मिली, सात प्रश्नांचे गुण पाच. पीएसए मात्र दरवर्षी करायचा आहे. या ऑपरेशनमध्ये आतला वाढलेला भागच निघतो, बाहेरचं कवच तसंच राहतं आणि कॅन्सर व्हायचा तर बहुधा तिथेच होतो. जानेवारीपासून तपासण्या, गोळ्या आणि जाण्या-येण्याला मिळून बारा-तेरा हजार खर्च झाला, ऑपरेशनला काही लागलं नाही.

हल्ली दुकानात युरियाच्या निमित्ताने येऊन लोक मागे थांबतात आणि विचारतात. मी त्यांना डायरीचा कागद देतो. लघवी पूर्ण अडकली, लघवीतून रक्त आलं किंवा थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न बघता ग्रामीण रुग्णालय गाठा, नळी रात्रीही घालतात. आणि घरात साठीचा माणूस असेल तर रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर, त्यावरचं आणि आधारवरचं नाव, ई-केवायसी हे या आठवड्यातच बघून घ्या. माझे तर बरेच दिवस त्यातच गेले.